लेहला निघायच्या आधी एवढं वाच

भावा, तू पन्हाळा-पावनखिंड एका दमात चालतोस हे मान्य, पण त्या दमाचा तिथं फारसा उपयोग नाही. उंचावरच्या विरळ हवेनं होणारा त्रास, म्हणजे उंचीचा त्रास, फिटनेस बघून होत नाही. तालमीत रोज जोर-बैठका मारणारा गडी लेहला पहिल्याच रात्री डोकं धरून बसतो आणि शेजारचे साठीचे काका निवांत चहा मागवतात.

कारण असं, की प्राणवायू कमी पडला की काहींचा श्वास लगेच वाढतो, काहींचा पुरेसा वाढत नाही. ही ठेवण बरीचशी जन्मजात. तिबेटी लोकांच्या तर जनुकांतच उंचीची सोय आहे. मागं त्रास झालेल्याला पुन्हा होण्याची शक्यता जास्त. पण एकदा झाला नाही म्हणजे सुटलास, असंही नाही.

आपल्या हातात मुख्य गोष्ट एकच, वेग. कोल्हापूर साधारण 550 मीटरवर, लेह 3500. दिल्लीहून विमानानं थेट उतरणार असशील तर पहिले दोन दिवस नुसता लोळत पड. खारदुंगला ही लेहच्याही वरची खिंड, ती नंतर. 3000 मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नकोस. डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरची गोळी, डॉक्टरांना विचारूनच. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर त्यांना आधी सांग.

डोकं दुखतंय, मळमळतंय, जेवण नको वाटतंय, तर वर जायचं नाही. कुणाला सरळ रेषेत चालता येईना, बरळायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर रात्र असली तरी खाली आणायचं. आणि दारू सुरुवातीला अजिबात नको. "थंडीला लागतीच की" म्हणणारा एक तरी ग्रुपात असतोच, त्याच्या नादाला लागू नकोस.