हिशेब नंतर, आधी विसर्जनाची तारीख बघा

प्रश्न : मोठ्या भावाबरोबर निम्म्या-निम्म्या भागीदारीत १८ वर्षं चालवलेला व्यवसाय आम्ही विकला. विक्रीचा करार होऊन २ वर्षं ९ महिने झाले. भागीदारी संपवल्याचा कागद त्यानंतर दोन महिन्यांनी झाला. पैसे हप्त्यांनी दादाच्या खात्यात येतात, शेवटचा हप्ता बाकी आहे. माझा हिस्सा विचारला की तो म्हणतो, ‘शेवटचा हप्ता येऊ दे, मग एकदाच हिशेब करू.’ मला त्याच्याशी भांडायचं नाही. पण रिकामं बसवतही नाही, याच क्षेत्रात पुन्हा काम सुरू करायचं आहे. करारात मात्र ५ वर्षं असा व्यवसाय करायचा नाही, असं कलम आहे. बँकेच्या जुन्या कर्जाला मी जामीन होते, त्याचं पुढे काय झालं ते माहीत नाही. काय करू?

उत्तर : ‘शेवटचा हप्ता येऊ दे’ हे वाक्य माझ्याकडे येणाऱ्या अशा निम्म्याहून अधिक पत्रांत असतं. म्हणून कोणाचे कष्ट जास्त, कोणाचं चुकलं यात न शिरता थेट सांगते. तुमच्या हातात तीन महिने आहेत. बाकी सगळं त्यानंतर.

भागीदारी संपली की हिशेब आणि नफ्यातला हिस्सा मागण्यासाठी मुदतीच्या कायद्याने (१९६३) ३ वर्षं दिली आहेत. परिशिष्टातलं ५ वं कलम वाचा. ही ३ वर्षं विसर्जनाच्या, म्हणजे भागीदारी संपल्याच्या, तारखेपासून मोजतात. शेवटचा हप्ता मिळाल्यापासून नाही, की भावाने ‘देत नाही’ म्हटल्यापासूनही नाही. तो गोड बोलत राहिला म्हणून घड्याळ थांबत नाही.

मग विसर्जन झालं कधी? तुम्ही म्हणाल, कागद केला तेव्हा. पण प्रकरण कोर्टात गेलं तर समोरचा वकील विक्रीच्या कराराकडे बोट दाखवेल. सगळा व्यवसायच त्या दिवशी विकला, भागीदारीला करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणजे ती तेव्हाच संमतीने संपली, असं तो म्हणेल. हे दरवेळी मान्य होतं असं नाही. नुसत्या विक्रीने भागीदारी आपोआप संपत नाही, असा युक्तिवाद तुमच्या बाजूनेही करता येईल. पण ज्या तारखेवर वाद होऊ शकतो तिच्यावर विसंबून दोन महिने कमावायचे कशाला? सर्वांत आधीची तारीख धरा आणि तिच्या आत काम उरका.

‘पण शेवटचा हप्ता तर पुढे येणार आहे, त्यातला माझा वाटा तेव्हा मागेन,’ असा विचार मनात असेल तर तो सोडा. १९२२ साली गोपाल चेट्टी यांच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातलं शेवटचं अपील न्यायालय) नेमकं हेच सांगितलं होतं. हिशेब झालेला नाही, तो मागण्याची मुदतही टळली, आणि नंतर भागीदारीचे काही पैसे आले, तर तेवढ्याच रकमेसाठी भागीदाराला वेगळा दावा लावता येत नाही. पुढच्या निकालांत यातून पळवाटा काढण्याचे प्रयत्न झाले आहेत, पण तुम्ही त्या वाटेला जाण्याची वेळ येऊ देऊ नका. मुदत गेलेला दावा, समोरच्याने तो मुद्दा काढला नाही तरी, कोर्टाला फेटाळावाच लागतो. उशीर माफ करण्याचा अर्ज अपिलात चालतो, दाव्यात चालत नाही.

पावणेतीन वर्षांत तुम्ही दादाकडून एक ओळ लिहून घेतली नाही, याचा मला मनापासून त्रास होतो. १८ वर्षं व्यवसाय करताना गिऱ्हाइकाकडून उधारीच्या चिठ्ठीवर सही घेतलीच असेल ना? मग स्वतःच्या आयुष्यभराच्या कमाईचा विषय फोनवर का ठेवला?

अजून वेळ आहे, आणि भांडायचं नाही म्हणता त्यावरही कायद्यात सोय आहे. मुदतीच्या कायद्याच्या कलम १८ नुसार, मुदत संपण्याआधी समोरच्याने देणं लेखी कबूल करून सही केली, तर सहीच्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. रक्कम लिहिली नसली तरी चालतं. ‘द्यायची वेळ अजून आलेली नाही’ असं लिहिलं तरीही ती कबुलीच. म्हणजे दादा तोंडाने जे म्हणतो आहे तेच कागदावर हवं आहे. मजकूर असा ठेवा : ‘आपल्या दोघांच्या अमुक नावाच्या भागीदारी संस्थेचा व्यवसाय अमुक तारखेला विकला. संस्थेचा हिशेब अजून झालेला नाही. विक्रीच्या रकमेत व शिल्लक मालमत्तेत तुझा निम्मा हिस्सा असून हिशेब करून तो तुला देणं माझ्यावर आहे.’ खाली तारीख आणि दादाची सही. व्हॉट्सॲपवरच्या संदेशावर काम भागवू नका. तो पुरावा म्हणून जपा, पण सही कागदावरच घ्या. ज्या भावाला खरंच द्यायचं आहे त्याला ही सही करायला अडचण नसते.

सीएकडून संस्थेचे शेवटचे ताळेबंद आणि दोघांची भांडवल खातीही मागून घ्या. हिशेबाची पुस्तकं पाहण्याचा आणि नकला घेण्याचा भागीदाराला हक्क आहे. ताळेबंदावर दादाची सही असेल आणि तुमच्या नावे येणं दिसत असेल, तर तो कागदही कबुली म्हणून उपयोगी पडू शकतो.

सहीसाठी दादाला पंधरा दिवस द्या, त्याहून जास्त नाही. टाळाटाळ झाली तर मूळ भागीदारीपत्र काढा आणि शेवटच्या पानांवर लवादाचं, म्हणजे वाद कोर्टाऐवजी त्रयस्थाकडून सोडवण्याचं, कलम आहे का बघा. बऱ्याच भागीदारीपत्रांत ते असतं आणि सही करताना कोणी वाचलेलं नसतं. ते असेल, तर वाद लवादाकडे सोपवत असल्याची नोटीस दादाच्या हातात पडते त्या दिवशी लवाद सुरू झाला असं कायदा मानतो (लवाद कायदा, कलम २१) आणि मुदतीची मोजणी तिथे थांबते. साध्या वकिली नोटिशीने मुदत थांबत नाही. हा फरक न कळल्यामुळे नोटिशीवर नोटीस पाठवत ३ वर्षं घालवलेले लोक मी पाहिले आहेत.

लवादाचं कलम नसेल तर दावा. रक्कम ३ लाख किंवा अधिक असेल तर भागीदारीचा वाद व्यापारी न्यायालयाच्या कायद्यात येतो. तातडीचा मनाई हुकूम मागायचा नसेल, तर आधी विधी सेवा प्राधिकरणामार्फत मध्यस्थी सक्तीची आहे. मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत धरत नाहीत, पण तो अर्ज मुदत असतानाच करायला हवा. संस्था नोंदणीकृत नव्हती म्हणून घाबरू नका, संपलेल्या भागीदारीचा हिशेब मागण्याला ती आडकाठी नाही. वेळेबद्दल मात्र खोटी आशा दाखवणार नाही. हिशेबाच्या दाव्यात आधी कोणाचा हिस्सा किती ते ठरवणारा प्राथमिक हुकूमनामा, मग कोर्टाने नेमलेल्या कमिशनरकडून हिशेब, त्यावर हरकती आणि मग अंतिम हुकूमनामा. प्रत्येक पायरीवर तारखा पडतात, अपिलं होतात, आणि पन्नाशीत दावा लावलेल्या माणसाला हिस्सा कधी मिळेल हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. दादाची सही मिळवण्यावर मी इतका जोर देते आहे तो यासाठीच.

नव्या कामाबद्दल, करार पाहिल्याशिवाय ठाम बोलता येणार नाही. व्यवसाय करायला बंदी घालणारा करार एरवी रद्दबातल असतो. गुडविल, म्हणजे व्यवसायाचं नाव आणि लौकिक, विकलं असेल तर मात्र वाजवी बंदी टिकते (करार कायदा कलम २७, भागीदारी कायदा कलम ५५). ५ वर्षं वाजवी आहेत का, बंदी किती भागापुरती आहे, खरेदीदार अजून तोच व्यवसाय करतो का, यावर उत्तर ठरेल. भागाची हद्दच लिहिली नसेल तर कलम कमकुवत असू शकतं, पण ते स्वतःवर आजमावण्याआधी कोणाला तरी वाचायला द्या. उरलेला हप्ता अडवायला खरेदीदाराला निमित्त मिळू नये. तोवर जुनं नाव वापरू नका आणि जुन्या गिऱ्हाइकांना स्वतःहून फोन करू नका.

जामिनाचं काम साधं आहे आणि ते विक्रीच्या वेळीच व्हायला हवं होतं. कर्ज खरेदीदार फेडेल असं तुमच्या करारात असलं, तरी बँक त्या कराराला बांधील नाही. कर्ज थकलं तर बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते. बँकेत लेखी अर्ज द्या. खातं बंद असेल तर काही देणं बाकी नसल्याचा बेबाकी दाखला मागा. चालू असेल तर यापुढच्या उचलीला तुम्ही जामीन नाही, असं लेखी कळवा आणि मुक्ततेचं पत्र मागा. अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.