गडग्यावरचे निळे पत्रे

प्रश्न : आमचं गावचं घर दापोली तालुक्यात, समुद्राच्या अगदी जवळ. आम्ही मुंबईत, गणपतीला आणि मे महिन्यात जातो. शेजारी चुलत दीर राहतात. मधे सासऱ्यांच्या वेळचा, कमरेएवढा जांभ्याचा गडगा आहे. यंदा गेलो तर त्याला लागून सहा फुटी निळे पत्रे! कोरी बाजू त्यांच्याकडे, अँगल आणि नटबोल्ट आमच्या ओटीकडे. मिस्टर म्हणतात, मोजणी आणून धडाच शिकवतो. काय करावं?

उत्तर : ताई, भूकरमापक म्हणून मी 31 वर्षं लोकांच्या हद्दी मोजल्या. धडा शिकवायला आणलेली मोजणी कोणाला धडा देईल, याचा नेम नाही. निवृत्तीनंतर मी स्वतःच्याच परसाची आणली. शेजारी आत सरकलाय, अशी माझी खात्री! रीतसर नोटीस गेली, खुंट्या मारल्या, तर हद्द गडग्याच्या अलीकडे, माझ्या बाजूला दीड हात. सरकलेले आम्हीच. शेजारी काही बोलला नाही, सुपारी कातरत बसला. तो अडकित्त्याचा आवाज अजून कानात आहे. पावसात गडगा ढासळतो, पुन्हा रचताना चिरा वीतभर इकडेतिकडे होतो, आजोबा-पणजोबांपासून हेच चाललंय.

पत्रे त्यांच्या जागेत असतील तर ते निळे का, हे कुठलंही ऑफिस विचारणार नाही. विहिरीची किंवा शेताची वहिवाटीची वाट अडली असती तर गोष्ट वेगळी. मग मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदारांकडे जाता येतं, तेही अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. तुमच्या पत्रात वाटेचा उल्लेख नाही.

आधी भाऊजींना विचारा, पत्रे कशासाठी? बहुतेक रानडुकरं निघतील. रात्री सुरण उकरला जातो तेव्हा तिथे ते असतात, तुम्ही नसता. मग नटबोल्टचा विषय काढा, पण दिसण्यावरून नको. खाऱ्या हवेत नट गंजतात आणि सुटलेला पत्रा वाऱ्यात सुरी होतो. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात उडालेले पत्रे भाऊजींनीही पाहिले असतील. गंज तुमच्या बाजूला, म्हणजे लक्षही तुम्हालाच ठेवावं लागणार. हे पटलं तर पत्रे काढून जाळी घालायला कदाचित तेच तयार होतील, निम्मा खर्च तुम्ही उचला.

नाहीच पटलं तर पहिल्या पावसात आपल्या बाजूने उंदीरमारीच्या (गिरिपुष्प झाडाच्या) काठ्या रोवा, मधे जास्वंद. दोन पावसांत निळं दिसेनासं होईल. शेराचं झुडूप मात्र नको, चीक डोळ्यांत गेला तर पोराबाळांचे हाल. पक्की चिरेबंदी भिंत घालायची ठरलीच तर त्याआधी मोजणी, दोघांनी मिळून.

माझा गडगा? मी हलवायला निघालो तर शेजारी म्हणाला, ‘‘त्यावर दोडक्याचा वेल चढलाय, पाऊस संपू दे.’’ त्याला आता नऊ पावसाळे झाले.