‘नादखुळा’ की ‘नाद खुळा’?

कोल्हापुरात राजारामपुरीत राहणाऱ्या एका महाविद्यालयीन विद्यार्थिनीने विचारले आहे की, रीलखाली ‘नादखुळा’ असे जोडून लिहावे की ‘नाद खुळा’ असे तोडून. शिवाय आपल्या वयाच्या मुलांना फोनचा नाद लागला आहे असे घरची मंडळी म्हणतात, तो नाद आणि हा नाद एकच काय.

‘लय भारी’ हा त्याचा चालू अर्थ रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या कोणालाही ठाऊक असल्यामुळे त्यावर शाई खर्च करत नाही. मात्र परवा एका फलकावर ‘नादखुळा मिसळ’ अशी ठसठशीत अक्षरे वाचली आणि कट न चाखताच ठसका लागला. मिसळ स्त्रीलिंगी आहे. शब्द जोडून विशेषण करायचे, तर ‘नादखुळी मिसळ’ म्हणावे लागेल, आणि तसे म्हटले की वेड लागलेली मिसळ समोर येते, कारण नादखुळा म्हणजे नादाने खुळा झालेला. पहाटे चारला उठून तालमीत जाणारा, कबुतरांपायी जेवण विसरणारा किंवा पेठेच्या फुटबॉल संघासाठी घसा बसवून घेणारा माणूस नादखुळा असतो. ही तत्पुरुष समासाची सरळ घडण असून तिचे रूप माणसाप्रमाणे बदलते: नादखुळी पोरगी, नादखुळे पोर.

गाडी, गाणे किंवा गोल पाहून जो उद्गार निघतो, त्याची घडण निराळी आहे. ‘काय गाडी आहे, नाद खुळा!’ असेच आपण म्हणतो. गाडी स्त्रीलिंगी असूनही ‘खुळी’ होत नाही, कारण ‘खुळा’ हे नादाचे विधेय आहे, म्हणजे खुळा कोण, तर नाद. याहून पक्का पुरावा ‘नादच खुळा’ या रूपात आहे. समासाच्या पोटात ‘च’ शिरत नाही. ‘राजचवाडा’ असे कोणी म्हणत नाही. म्हणजे पूर्वी माणूस नादापायी खुळा होई, आता नादच खुळा ठरला आहे आणि माणूस वाक्यातून निघून गेला आहे. ‘आमचा नाद करायचा नाही’ यातला नाद तर आणखी पुढचा. तिथे नाद करणे म्हणजे वाटेला जाणे. लागणारी गोष्ट करण्याची झाली.

आता ज्यासाठी हे उत्तर लिहायला घेतले, त्याकडे येतो. संस्कृतात नाद म्हणजे आवाज. धातू नद्, म्हणजे आवाज करणे. प्राचीन व्युत्पत्तिकार यास्काने ‘निरुक्त’ या ग्रंथात नदीची व्युत्पत्ती याच धातूपासून दिली आहे: नाद करते म्हणून नदी. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून झालेली आपली पंचगंगा आणि आपला ‘नाद’ सख्खी भावंडे आहेत, हे कळले तेव्हा मला दिवसभर दुसरे काही सुचले नव्हते. पण आवाजाचा छंद कसा झाला? कोशांत हे दोन अर्थ शेजारी नांदतात. मधला साकव कोणी बांधून देत नाही. माझ्या मते तो साकव हरणाने ओलांडला. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आपल्या चोवीस गुरूंमध्ये हरणाला गणतो, कारण पारध्याच्या गाण्याला भुलून ते जाळ्यात सापडते. पाच इंद्रियांपायी नाश पावणाऱ्या पाच प्राण्यांच्या सुप्रसिद्ध श्लोकातही कुरंग, म्हणजे हरीणच, पहिला आहे, आणि तो मरतो तो कानापायी. हाच अकरावा स्कंध एकनाथांनी मराठीत आणला, 1573 मध्ये पूर्ण केला, आणि कीर्तन-प्रवचनांतून तो घरोघर गेला. हरीण नादाला लागले, मग हरणासारखा वागणारा माणूसही नादाला लागला.

आमचे एक व्याकरणप्रेमी स्नेही हे मानत नाहीत. त्यांच्या मते छंदाचा नाद ‘नन्द्’ धातूवरून आला. ‘छंद’ या मराठी शब्दात जसे वृत्तवाचक छन्दस् आणि इच्छावाचक छन्द हे दोन संस्कृत शब्द मिसळले, तसे इथेही झाले. छंदाबाबत ते बरोबर आहेत, पण त्याच्या जोरावर नादाचा निकाल लावता येत नाही. नन्द् धातूचा अनुस्वार मराठीने ‘नांदणे’ यात जपून ठेवला आहे. तो छंदाच्या नादातून नेमका कुठे गळाला, हे स्नेह्यांनी दाखवावे. नुसता ‘लोप’ म्हणून सुटका नाही. शिवाय ‘नादावणे’ या क्रियापदात आवाज आणि भूल दोन्ही अजून एकत्र ऐकू येतात, त्याचे ते काय करणार?

त्यांचा एक आक्षेप मात्र वजनदार आहे. बाबूराव पेंटरांचा ‘सैरंध्री’ 1920 चा आणि मूक. त्या काळात ज्यांना सिनेमाचा नाद लागला, त्यांच्या कानावर पडद्यातून काहीच पडत नव्हते. प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ बोलला तो 1932 मध्ये. तोवर नादातला आवाज झिजून गेला होता, हे मला कबूल आहे.

पण रील पाहा. तिचा जीव आवाजात असतो: एकच ध्वनिफीत उचलायची आणि असंख्य मुलांनी तिच्यावर ओठ हलवायचे. जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केल्या, आणि नाचणाऱ्यांनी केवळ अंगण बदलले. आवाजाने ओढून नेणारा हा नाद भागवतातल्या हरणाच्या नादाला सिनेमाच्या नादापेक्षा अधिक जवळचा आहे. अलीकडे हीच मुले ॲप काढून टाकून ‘इन्स्टाचा नाद सोडला’ असे सांगतात, आणि व्याकरण त्यांच्या बाजूचे आहे: नाद ‘मला’ लागतो, सोडतो मात्र ‘मी’. घरच्या मंडळींच्या तक्रारीत हे दुसरे वाक्य सहसा नसते.

प्रश्न जोडण्या-तोडण्याचा होता. रीलखाली तोडून लिहावे. रील करणाऱ्या मैत्रिणीला म्हणायचे असेल, तर जोडून, आणि ‘नादखुळी’.