मशीनलाही मेगाब्लॉक लागतो

प्रश्न: ताई, मी मुंबईत कांजूरमार्गला घरीच ब्लाऊज शिवते. लग्नसराईत दिवसाला पाच-सहा होतात, पैसे सुटतात पण आता मशीन सारखा दोरा तोडतेय, माझी मान धरलीय, आणि प्रिन्सेस कट नीट शिकायचं दोन वर्षं नुसतं मनातच आहे. दर 1 तारखेला टाइमटेबल करते, आठवडाभर चालतं, मग बंद. माझ्यातच जिद्द नाही का?

उत्तर: अगं, जिद्द नसती तर दिवसाला सहा ब्लाऊज झाले असते का? तू कांजूरची, तुला लोकलचा रविवारचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास लाइन बंद, मी काय सांगणार, स्लो लाइनवर ब्लॉक असला की गाड्या फास्टवर टाकतात आणि कांजूरला थांबत नाहीत, आपण वैतागतो. पण त्या चार-पाच तासांत रूळ, सिग्नल, ओव्हरहेड वायरची कामं होतात म्हणून सोमवारी सकाळी गाड्या धावतात. तू मात्र स्वतःला आणि मशीनला सातही दिवस पळवतेयस, आजचे सहा ब्लाऊज हातात दिसतात, पुढच्या वर्षीची मान दिसत नाही ना.

टाइमटेबल सोड, एकच गोष्ट धर. सकाळचा चहा झाला की पहिला दोरा ओवायच्या आधी बॉबिन केस काढायची, शटलमधला आणि दातांखालचा कचरा ब्रशने झाडायचा, तेलाचे दोन थेंब सोडायचे आणि चिंधीवर चार ओळी मारून घ्यायच्या म्हणजे गिऱ्हाइकाच्या कापडाला डाग लागणार नाही. पाच मिनिटांचं काम. चहा तू रोज घेतेसच, त्याच्या मागे हे आपोआप येतं. मानेचंही तसंच, एक ब्लाऊज संपला की उठायचं, गॅलरीत जाऊन दोन मिनिटं लांब बघायचं, मगच दुसरा. तरी मान सुटली नाही तर डॉक्टरला दाखवच, अंगावर काढू नकोस.

आणि 21 दिवसांत सवय लागते हे डोक्यातून काढ. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये 96 जणांवर अभ्यास झाला होता, 2010 मध्ये छापून आला, त्यात सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले, कुणाला 18 तर कुणाला 254 लागतील असा हिशोब निघाला. मधे एखादा दिवस चुकला म्हणून फारसं काही बिघडलं नाही. तू आठवड्यात सोडतेस, मला वाटतं एक खाडा पडला की सगळंच गेलं असं धरून बसतेस म्हणून.

रविवारचे सकाळचे तीन तास मात्र ब्लॉक. गिऱ्हाइकांना आधीच सांगून ठेव, व्हॉट्सॲप स्टेटसला टाक. एक मीटर मांजरपाट आण, प्रिन्सेस कट त्यावरच काप, चुकला की उसव, परत शिव. ऐन लग्नाच्या आठवड्यात नाही जमलं तर नाही, सणावाराला रेल्वेही कधीकधी ब्लॉक रद्द करते, पण पुढच्या रविवारी परत घेते.

एवढं करूनही दोरा तुटला तर आधी सुई बदलून बघ, बोथट झाली असणार.