बाखचं चर्चमधलं समूहगान जुन्या वाद्यांवरच्या ध्वनिमुद्रणात ऐकल्याने खरंच फरक पडतो का? कसं ऐकावं?

तुम्ही लिहिलंय की कान हिंदुस्थानी संगीतावर तयार झालाय, बाख या अठराव्या शतकातल्या जर्मन संगीतकाराचं समूहगान लावलं की मात्र सगळे एकदम गाताहेत एवढंच कळतं. आणि काही ध्वनिमुद्रणांवर 'त्या काळच्या वाद्यांवर' असं लिहिलेलं असतं, त्याने ऐकणाऱ्याला काय मिळतं, असं विचारलंय. खूप मिळतं. तुमची अडचणही बहुतेक तिथेच सुटेल.

सुरुवातीला एकच रचना धरा, 'सेंट जॉन पॅशन'. ती पहिल्यांदा झाली ७ एप्रिल १७२४ ला, गुड फ्रायडेच्या दुपारी, जर्मनीतल्या लाइपझिग शहराच्या सेंट निकोलस चर्चमध्ये. बाखला त्या शहरात नोकरीला लागून तेव्हा वर्षही झालं नव्हतं. येशूच्या अटकेपासून दफनापर्यंतची हकीकत एक गायक बायबलच्या शब्दांत सांगतो, जमावाचे संवाद कोरस, म्हणजे समूहगायकांचा संच, गातो आणि मधूनमधून एखादा गायक कथा थांबवून त्या प्रसंगावर मन मोकळं करतो. दोन भागांच्या मध्ये प्रवचन असायचं. ही उपासना होती, मैफल नव्हे.

आता पहिला कोरस, म्हणजे सुरुवातीचं समूहगान, दोनदा ऐका. आधी संगीतसंचालक कार्ल रिश्टर यांचं १९६४ चं ध्वनिमुद्रण, मग संचालक जॉन एलियट गार्डिनर यांचं १९८६ चं. रिश्टर यांच्याकडे आधुनिक वाद्यं आणि मोठा कोरस आहे. त्यातली श्रद्धा अस्सल आहे, मी ते कमी लेखणार नाही. पण गार्डिनर यांच्याकडे त्या काळची वाद्यं आहेत, आणि तोच कोरस आतून उघडतो. खाली खर्जातला एकच स्वर धडधडत राहतो (षड्ज धरून ठेवल्यासारखा, तुम्हाला तो लगेच सापडेल), त्यावर व्हायोलिनची अखंड घुसळण, आणि सगळ्यांच्या वर दोन ओबो (सनईसारखी फुंकवाद्यं) अर्ध्या स्वराच्या अंतरावर एकमेकांना घासतात. ती घासाघीस म्हणजेच वेदना. आधुनिक वाद्यवृंदात ती गुळगुळीत होऊन जाते.

असं का होतं? त्या काळच्या व्हायोलिनच्या तारा तातीच्या असतात, सारंगीच्या मुख्य तारांसारख्या, आणि त्यांच्यावर ताणही कमी असतो. तेव्हाचा गज बाहेरच्या बाजूला किंचित वाकलेला आणि टोकाला हलका, त्यामुळे स्वर उमटतो, थोडा फुलतो आणि आपोआप ओसरतो. एकसलग स्वर ओढत न्यायला सोयीचा गज अठराव्या शतकाच्या अखेरीस आला. ओबोला तेव्हा दोन-तीनच चाव्या होत्या. बाकीचे स्वर बोटांच्या आडव्यातिडव्या जुळणीतून काढायचे, म्हणून प्रत्येक स्वराचा रंग थोडा वेगळा लागतो. पेटीवरची पांढरी सहा आज ४४० हर्ट्झला मिळवतात. जुन्या वाद्यांचे वादक ती साधारण ४१५ ला लावतात, म्हणजे जवळजवळ काळी चार. आवाजावरचा ताण उतरतो, शब्द मोकळे होतात. वाद्यंच हलकी असल्यामुळे त्यांच्यावर मात करायला शंभर गळे लागत नाहीत. बाखने २३ ऑगस्ट १७३० ला लाइपझिगच्या नगरपरिषदेला दिलेल्या टिपणात एका कोरसला किमान १२ गायक हवेत, १६ असले तर उत्तम, असं म्हटलंय.

संगीत-अभ्यासक जोशुआ रिफकिन यांनी १९८१ मध्ये त्याच्याही पुढे जाऊन मांडलं की बाखच्या कोरसमध्ये बहुधा एका पट्टीला (म्हणजे वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बास या चार आवाजांपैकी प्रत्येकाला) एकच गायक असे. अभ्यासकांचा हा वाद अजून मिटलेला नाही. पहिल्यांदा ऐकताना त्यात अडकू नका. ध्वनिमुद्रण 'तंतोतंत तेव्हासारखं' आहे का, हा प्रश्नही मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. लाइपझिगला वरच्या पट्ट्या मुलगे गात, आज बहुतेक ठिकाणी स्त्रिया गातात आणि सुंदर गातात. चार पट्ट्या चार माणसांसारख्या वेगळ्या ऐकू येतात का, एवढंच बघा.

तेवढ्यासाठी एक सराव करा. एकाच आवाजाचा पाठलाग करायचा. पहिल्या खेपेला फक्त खालचा, दुसऱ्या खेपेला आल्टो. बाकीचे आवाज आपसूक कानावर पडत राहतात आणि 'सगळे एकदम' हा गोंधळ हळूहळू निवळतो. फोनच्या स्पीकरवर हे जमणार नाही, कारण खालचा आवाज तिथे पोचतच नाही. चांगला हेडफोन घ्या.

मराठी बायबलमधल्या योहानाच्या (म्हणजे सेंट जॉनच्या) शुभवर्तमानाचे १८ आणि १९ हे अध्याय समोर उघडे ठेवा. कथेचा भाग ओळीमागून ओळ तसाच आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातून फक्त येशूचा शिष्य पेत्र याचं रडणं आणि मंदिराचा पडदा फाटणं एवढं घेतलंय. 'रडला' या एका शब्दावर निवेदकाचा आवाज कसा अर्ध्या-अर्ध्या स्वराने वळत जातो, ते चुकवू नका.

दोन एकल गाणी तुमच्यासारख्या श्रोत्याला फार जवळची वाटतील. 'एर्वेगं' मध्ये टेनर गायकाबरोबर दोन व्हिओला दामोरे आहेत. या वाद्याला बहुधा वाजवायच्या तारांखाली तरफा असतात, आणि तो झंकार तुमचा कान लगेच ओळखेल. फटक्यांनी रक्ताळलेल्या पाठीत कवीला इंद्रधनुष्य दिसतं, त्याला हाच नाद शोभतो. दुसरं 'एस इस्ट फोलब्राख्ट', म्हणजे 'पूर्ण झालं'. येशू हे शब्द उतरत्या स्वरांत म्हणतो, तीच ओळ व्हिओला दा गांबा (गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं जुनं तंतुवाद्य) उचलते आणि मग आल्टो. मध्येच 'यहूदाचा वीर जिंकला' म्हणत सगळे तंतुवाद्यवाले तुटून पडतात, आणि तो जोश अर्ध्यावर थांबवून पहिली ओळ परत येते. गांबाऐवजी चेलो वापरलेली ध्वनिमुद्रणं आहेत, पण चेलोचा भरदार स्वर तिथे मला पटत नाही. मरणाऱ्या माणसाच्या वाक्यामागे इतका दमसास नको.

गार्डिनर मुरले की मासाआकी सुझुकी आणि त्यांचा संच बाख कॉलेजियम जपान ऐका, तिथे प्रत्येक जर्मन शब्द घासूनपुसून ठेवलाय. डनेडिन कन्सॉर्ट या संचाच्या २०१३ च्या ध्वनिमुद्रणात कोरस लहान आहे आणि पॅशनच्या आगेमागे ऑर्गन आणि मंडळींची स्तोत्रं ठेवलीत, म्हणजे ती गुड फ्रायडेची अख्खी उपासना होते. फिलिप हेरेवेखं यांचं २००१ चं मात्र मागे ठेवा. त्यात बाखने १७२५ मध्ये बदललेली आवृत्ती आहे आणि तिचा पहिला कोरसच वेगळा आहे. आधीचा कानात पक्का बसल्यावर ती लावा.