तुझा हात न दिसणारा शिक्षक

प्रिय मित्रा,

तू पाठवलेली गिटार शिकवणाऱ्या चौदा व्हिडिओंची यादी नीट पाहिली. तीन ‘पहिल्याच दिवशी गाणं वाजवा’ छापाचे, चार सोलोचे, दोन जॅझ कॉर्डचे (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवायचे काही सूर) आणि बाकी सगळी गाणी. गिटार हातात येऊन तुला दहा आठवडे झालेत. यादीतला एकही व्हिडिओ वाईट नाही, पण दहा आठवड्यांच्या हाताला त्यातले दोनच झेपतील. ते कसे ओळखायचे, एवढंच आज लिहितो.

व्हिडिओतल्या शिक्षकाला तुझा हात दिसत नाही. समोर बसलेला शिक्षक बोट आडवं पडलं की लगेच टोकतो. पडद्यावरचा टोकू शकत नाही. म्हणून जो तुझी चूक होण्याआधीच सांगून ठेवतो, तो निवड. सी कॉर्ड शिकवताना नुसतं ‘बोटं इथे, इथे आणि इथे’ म्हणणारे पुष्कळ सापडतील. ‘पहिलं बोट आडवं झालं तर पहिली तार मुकी होईल, दुसरं आडवं झालं तर तिसरी, एकेक तार सुटी छेडून बघा’ असं म्हणणारा सापडला, की तिथे थांब. तो स्वतः किती सफाईने वाजवतो, याला इथे फारशी किंमत नाही.

एक साधी परीक्षा घे. व्हिडिओ लाव आणि डोळे मिटून दोन मिनिटं ऐक. कोणतं बोट, कोणती तार, कितवा फ्रेट (गिटारच्या गळ्यावरचं पट्ट्यांमधलं घर) हे नुसत्या बोलण्यातून कळतंय का? १९६७ मध्ये अमेरिकेत होमस्पन टेप्सने ध्वनिफितींवरून धडे द्यायला सुरुवात केली, तेव्हा शिकवणाऱ्याला हात दाखवता येत नव्हता. सगळं नाव घेऊन सांगावं लागे. ती शिस्त ज्याच्या बोलण्यात आहे, त्याच्याकडून कॅमेऱ्याचा कोन चुकला तरी शिकता येतं. तारांची गिनतीही कानावर पडली पाहिजे. पहिली तार म्हणजे सर्वांत पातळ, मांडीकडची. नवखा माणूस वरची जाड तार पहिली धरतो आणि मग अख्खा धडा उलटा वाजवतो.

आता तुझ्या पातळीचं. व्हिडिओवर ‘बिगिनर’ लिहिलंय म्हणून तो तुझ्यासाठी आहे, असं समजू नकोस. तुझी पातळी कॉर्डच्या संख्येवरून नाही, कॉर्ड बदलण्यावरून ठरते. घड्याळ लावून एका मिनिटात ए मायनर ते सी किती स्वच्छ बदल होतात ते मोज. तीसच्या खाली असशील तर गाण्यांचे व्हिडिओ बाजूला ठेव आणि फक्त बदल शिकवणारे बघ. या जोडीत पहिलं आणि दुसरं बोट हलतच नाही. फक्त तिसरं बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरून उठून पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जातं. हे न सांगता ‘सराव करा, जमेल’ म्हणणारा व्हिडिओ बंद कर. सगळी बोटं उचलून पुन्हा मांडायची सवय एकदा लागली, की ती मोडायला महिने जातात.

उजव्या हाताबाबत तर मी जास्तच आग्रही आहे, कारण तिथे आपल्याकडच्या मुलांचं हमखास अडतं. जवळजवळ प्रत्येक सुरुवातीच्या व्हिडिओत ‘डाउन, डाउन-अप, अप-डाउन-अप’ हा ठेका भेटतो. तो केहरवा तालाच्या आठ मात्रांवर मांडून बघ. हात विषम मात्रांना खाली आणि सम मात्रांना वर जातो, न थांबता; तारा वाजतात १, ३, ४, ६, ७ आणि ८ ला. पाचव्या मात्रेला हात खाली येतो, पण तारांना शिवत नाही. केहरव्याची ‘खाली’, म्हणजे टाळी न देता हात मोकळा दाखवतात ती मात्रा, तीही नेमकी तिथेच. हा रिकामा फेरा जो शिक्षक स्पष्ट दाखवतो, त्याचा धडा घे. जो फक्त वाजणारे आघात मोजतो, त्याच्यामागे जाशील तर पाचव्या मात्रेला तुझा हात हवेत अडेल आणि लय पुढे पळेल.

हाच ठेका दादरा तालातल्या गाण्याला लावू नकोस. सहा मात्रांच्या गाण्यावर आठ मात्रांचा ठेका ठेवला, तर प्रत्येक फेरीत सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दोन मात्रांनी सरकते. गाणं तोंडपाठ असूनही हात चुकतोय असं वाटतं, ते यामुळे. दादऱ्यासाठी आधी सहाही आघात खाली, पहिला वजनदार, चौथा हलका. गाण्याचा व्हिडिओ निवडण्याआधी मूळ गाणं ऐकून बोटांवर मात्रा मोज. दोन मिनिटांचं काम आहे.

पट्टीचंही तसंच. शिक्षकाने कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) कितव्या फ्रेटवर लावलाय हे सुरुवातीलाच सांगितलं नसेल, तर तू त्याच्याबरोबर बरोबर वाजवूनही बेसूर वाटेल. गाणाऱ्याची पट्टी काळी एक असेल, तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सी घराण्याचे आकार, म्हणजे कॉर्डच्या बोटांच्या मांडण्या, धर. काळी पाचला तिसऱ्या फ्रेटवर कॅपो आणि जीचे आकार. पांढरी चारला तिसऱ्यावरच कॅपो, पण डीचे.

पुढची पायरी म्हणजे एफ कॉर्ड, ज्यात पहिलं बोट तारांवर आडवं ठेवावं लागतं, आणि इथे पुष्कळजण गिटार कोपऱ्यात ठेवतात. एफवरचा व्हिडिओ चांगला की वाईट, हे एका वाक्यावरून कळतं: आडव्या बोटाला सहाही तारा दाबायच्या नसतात, हे तो सांगतो का? तिसरी, चौथी, पाचवी तार बाकीची बोटं सांभाळतात. पहिल्या बोटाकडे उरतात फक्त सहावी, दुसरी आणि पहिली. बोटाच्या सांध्याची घडी दुसऱ्या तारेवर आली की ती मुकी होते. बोट दोन-तीन मिलिमीटर वर किंवा खाली सरकवायचं आणि अंगठ्याकडच्या कडेवर किंचित कलतं करायचं. हाच आकार आधी पाचव्या फ्रेटवर धर, तिथे तो ए होतो. तिथे सहज वाजतोय आणि पहिल्या फ्रेटवर जीव काढतोय, तर दोष बोटाचा नसेल. नटच्या, म्हणजे गळ्याच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्या, खाचा उंच असू शकतात. दुकानात दाखव, त्या घासून देतात. गिटारचाच दोष असेल तर दहा व्हिडिओ पाहूनही एफ वाजणार नाही.

यादीतले सोलोचे चार आत्ता ठेवून दे. त्यांची वेळ आली की बेंड (तार ओढून सूर चढवणं) कसा शिकवलाय ते बघ. तिसऱ्या तारेचा सातवा फ्रेट ओढून एक पूर्ण स्वर चढवायचा, तर आधी त्याच तारेचा नववा फ्रेट वाजवून कानात ठेवायचा आणि मग ओढून तिथे पोचायचं. ही पडताळणी न शिकवणाऱ्याकडून बेंड शिकलास, तर तो कायम पाव सुराने खाली राहील. टॅबवरही, म्हणजे कोणत्या तारेचा कितवा फ्रेट हे आकड्यांत लिहिलेल्या कागदावरही, डोळे झाकून विसंबू नकोस. पहिली तार मोकळी, दुसरीचा पाचवा फ्रेट, तिसरीचा नववा, तिन्हीकडे तोच स्वर आहे. टॅब लिहिणारा भलतीच जागा लिहून जातो आणि बोटं विनाकारण ताणली जातात. मूळ वादकाचं चित्रीकरण मिळालं तर त्याचा डावा हात बघ. जॅझ कॉर्ड त्याच्याही नंतर.

बघण्याची रीत एवढीच: आठवड्याला एक धडा, दहा मिनिटं बघणं, तीस मिनिटं वाजवणं. वेग ०.७५ वर ठेव, सूर बदलत नाही. संगणकावर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाची कळ दाबलीस, की यूट्यूब एकेक चौकट पुढे जातं. बोट कोणत्या क्रमाने उतरतंय ते तिथे दिसतं. आणि गिटार मांडीवर नसताना धडा लावू नकोस.

यादीतले दोन ठेवायचे, ते म्हणजे चौथा आणि अकरावा. चौथ्यात बदल आहेत, अकराव्यात रिकामा हात नीट दाखवलाय. पुढच्या पत्रात ए मायनर-सीचा आकडा कळव. आणि दोन्ही हात दिसतील अशी अर्ध्या मिनिटाची चित्रफीत पाठव, फोन उजव्या बाजूला जरा उंच ठेवून.

तुझा,
गिटारचा मास्तर