फेक डेटिंगच्या कादंबरीत आईचा तगादा खरा कसा वाटेल आणि खोटं कधी उघडं पाडावं?

तुम्ही लिहिलंय की तुमची नायिका स्थळांना कंटाळून ऑफिसातल्या एकाला खोटा बॉयफ्रेंड बनवते, पण तिची आई वाचणाऱ्यांना नुसती विनोदी वाटते. ती विनोदी वाटते कारण तुम्ही तिला घाबरलेली दाखवलेली नाही. जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (1813) या कादंबरीतल्या, मुलींच्या लग्नांमागे लागलेल्या मिसेस बेनेटला लोक दोनशे वर्षं हसतायत. पण बाईचा हिशेब चोख आहे: पदरात पाच मुली, आणि नवरा गेला की राहतं घर दूरच्या नात्यातल्या एका पुरुषाकडे जाणार. तुमच्या नायिकेच्या आईला नेमकी कशाची धास्ती आहे, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर पुढचं प्रकरण लिहायला घेऊ नका.

हे मी एवढ्या ठामपणे म्हणतेय कारण मी स्वतः असा खोटा बॉयफ्रेंड उभा केला होता. तेव्हा मी 31 वर्षांची होते. बाबा गेल्यावर आई एकटी राहायची. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि तब्येतीची चौकशी संपली की एक नवं स्थळ निघायचं. एका रविवारी माझ्या तोंडून निघून गेलं, "आहे एक जण." ऑफिसातल्या मित्राला विचारलं, तर त्याच्याही घरी तेच चाललेलं, तो लगेच तयार झाला. आठ महिने चाललं ते. स्थळं थांबली. मधूनमधून व्हिडिओ कॉलवर तो यायचा, आईशी दोन शब्द बोलायचा. मला वाटलं, सुटले.

मग आईने त्याच्यासाठी स्वेटर विणायला घेतला. म्हणाली, "बाहीचं माप सांग गं त्याच्या." दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन गेले. जेवणाच्या सुट्टीत, रिकाम्या मीटिंग रूममध्ये. टेपचं एक टोक त्याने काखेत दाबून धरलं, दुसरं मी मनगटाशी नेलं. 49 सेंटीमीटर. माप हाताचं होतं, पण त्याने श्वास रोखून धरला होता. कादंबरी असती तर प्रेम तिथेच जमलं असतं. आमचं नाही जमलं. मला सारखी आई दिसत होती, चष्मा कपाळावर चढवून टाके मोजणारी.

स्वेटर आला, त्याने घातला, आईला फोटो पाठवला. पुढच्या रविवारी मी तिला सगळं सांगून टाकलं. ती बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "मग माप कुणाचं होतं?" मी म्हटलं, त्याचंच. "बरं. मग राहू दे त्याच्याकडेच." आणि फोन ठेवला.

खोट्या जोडप्याने केलेली नियमांची यादी, हात धरायचा की नाही, दोघांना एकच खोली मिळणं हे या कादंबऱ्यांतले ठरलेले प्रसंग तुम्हाला माहीत असतीलच. मला खटकतं ते वेगळंच. या कादंबऱ्यांत खोटं उघडं पडतं ते भर गर्दीत, मग नायक दुखावतो, नायिका धावत जाते, समेट. आईच्या वाट्याला एक मिठी. तुम्ही असं करू नका. नायिकेला आधी आईकडे पाठवा, एकटीला, कुणी तिचं पितळ उघडं पाडायच्या आत.

आणखी एक. 'द स्पॅनिश लव्ह डिसेप्शन' (2021) या कादंबरीत खोटा प्रियकर हवा असतो तो बहिणीच्या लग्नापुरता, म्हणजे त्या खोट्याला शेवटची तारीख आहे. स्थळांच्या तगाद्यातून आलेल्या खोट्याला अशी तारीख नसते. ते दर फोनला वाढतं. तुमची कादंबरी तिथेच आहे.

माझी ताई अजून म्हणते, "दबाव तिनेच आणला होता, तू कसली माफी मागतेस?" ताईचं लग्न 24व्या वर्षी झालं, तिला तो रविवारचा फोन कधी आलाच नाही. पहिल्या रविवारचं खोटं आईच्या माथी मारता येईल, मान्य. पुढचे सगळे रविवार माझे. आई लोकर निवडत होती तेव्हा मला कुणी ढकललेलं नव्हतं. दबावाने खोटं का बोललो ते कळतं, पुढे का बोलत राहिलो ते नाही. तुमच्या नायिकेची एखादी मैत्रीण ताईसारखं बोलणार असेल, तर तिला खोडून काढणारं कुणीतरी ठेवा.

अर्थात, जिथे घरचे मुलीला कोंडून ठेवतात, हात उगारतात, तिथे खोटं ही ढाल असते आणि तिथे माफी मागायचं काही कारण नाही. माझी आई तशी नव्हती. ती फक्त घाबरली होती की तिच्यामागे मी एकटी पडेन.

नायक-नायिकेचं प्रेम नेमकं कधी खरं होऊ द्यायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तरी माप घेण्याच्या प्रसंगाआधी होऊ दिलं नसतं.